अर्ध्याच्या अलीकडं

१

रोज दुपारी तीनला पाच कमी असताना माझी बायको मेथीची जुडी घेऊन नातीच्या खोलीत जाते. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, पण मी हाक मारल्यावर ती इतक्या वेळेवर कधी आली नाही.

मी कानिफनाथ. शिकलो सहावीपर्यंत, पण शाळेत राहिलो छत्तीस वर्षं, कारण शिपाई होतो. घंटा माझ्या ताब्यात होती. गणिताच्या मास्तरानं चहाला विचारलं नाही की त्याचा तास मी सात मिनिटं आधी संपवायचो. एकदा तर शाळा बारालाच सोडून दिली आणि हेडमास्तर स्वतः सायकल काढून घरी गेले. राहुरीत अजून म्हण आहे की कान्याचं घड्याळ आणि कान्याचा शब्द, दोन्ही भिंतीला टांगून ठेवावे. हे आधीच सांगितलं, म्हणजे पुढं तुम्ही मला खोटारडा म्हणालात तर मला वाईट वाटायला नको.

नातीचं नाव सृष्टी. तिचे आईबाप राहात्याला दुकान बघतात. ती आमच्या वस्तीवर राहून पुण्याच्या कंपनीचं काम करते. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायची.

"मंजे मास्तरीन झालीस म्हन की," मी म्हणालो.

"तसंच समजा, आजोबा. जावास्क्रिप्टची मास्तरीण. त्रेचाळीस टेस्ट आहेत. बटण दाबलं की सगळ्या एकामागं एक चालतात. पास झाली की हिरवी टिक."

"आन नापास?"

"लाल. मग तीनच्या मीटिंगमध्ये माझी टेस्ट."

आता यात माझ्या बायकोचं, गोजरबाईचं, काय काम? तर ती पायाळू आहे. पायाकडून जन्मलेली. अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. तरुणपणी तिला विहीर दाखवायला लोक जीपगाड्या घेऊन यायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ती रानात चालायची. नारळ उभा राहिला की तिथं खांदायचं. पुढारी, बागाईतदार तिच्या मागून अनवाणी चालायचे, आणि सगळ्यांच्या मागून मी, भाकरीचा डबा धरून. नारळ उभा राहायच्या आधी ती जराशी थांबायची. डोळे उघडे, पण नजर जागेवर नाही. मला ते कधी आवडलं नाही.

"कुटं जातीस गं त्या टायमाला?" मी विचारायचो.

"कुटं जाते? हितंच तर हाय."

तर एकदा सृष्टीच्या टेस्ट आठ दिवस लाल येत होत्या आणि त्या दिवशी गोजर सहज मेथी निवडत शेजारी बसली, तर सगळ्या हिरव्या आल्या. झालं! पोरगी बी.ई. झालेली, पण आहे आमचीच. तेव्हापासून आजी स्टुलावर बसल्याशिवाय बटण दाबत नाही.

२

मला त्या खोलीत कोणी बोलावलं नव्हतं. मी आपला दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचो, अडकित्ता वाजवत. दोघी हसायच्या. मी आत काय चाललंय म्हणून डोकावलं की हसणं थांबायचं.

त्या दिवशी गोजर म्हणत होती, "सृष्टे, मीठ संपत आलंय, येताना—"

सृष्टीनं बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या ओळी टकटक उतरल्या.

"—पन आता तिकडं ऊन उतरलं असंल," गोजरनं वाक्य पुरं केलं.

मधे थांबली नाही. आवाज बदलला नाही. एका दमात बोललेलं वाक्य, पण त्याचं डोकं एका घरातलं आणि शेपूट दुसऱ्या घरातलं. सृष्टीचं लक्ष पडद्यावर होतं. मी म्हटलं, म्हातारी झाली, बोलण्यात ठेच लागणारच. मला तरी काल काय जेवलो ते कुठं आठवतं?

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पांढऱ्या फरशीवर तिच्या टाचांचे ठसे उठले. ओले, आणि लाल.

आमच्या शिवारात लाल माती औषधालाही नाही. काळी आहे, चिकट. मी खाली बसून बोट लावलं. माती होती. ओली होती. गार होती.

"गोजरे, पाय कशात घातलंस?"

"कशात घालू?" ती म्हणाली आणि पायानंच ठसा पुसून टाकला. लहान पोर पाटीवरचं चुकलेलं पुसतं तसा, घाईनं.

३

मग मी लक्ष ठेवायला लागलो. लक्ष ठेवणं हा माझा धर्मच. छत्तीस वर्षं मी शाळेत दुसरं काय केलं?

सोमवारी सकाळी मी स्वतः तिची नखं काढली. तिला आता वाकता येत नाही, म्हणून ओसरीवर बसून मीच काढतो. वर गुदगुल्याही करतो, ती लाथ मारते, असा आमचा कार्यक्रम असतो. सोमवारी दुपारी ती खोलीतून बाहेर आली आणि मला चहाचा कप दिला. कपाच्या कानात अडकलेल्या बोटाचं नख जवाएवढं वाढलेलं होतं.

मी कप खाली ठेवला. दुसरं बोट बघितलं, तिसरं बघितलं. दहाही तशीच.

मंगळवारी तिच्या केसांना शिकेकाईचा वास आला. सकाळी मी बघितलं होतं, खोबरेल चोपडून वेणी घातली होती. खोलीत गेली तेलकट, बाहेर आली न्हालेली. आत नळ नाही, बादली नाही. एक टेबल, एक लॅपटॉप, एक स्टूल, भिंतीला कपाट.

माणसाचं डोकं अशा वेळी फार कामाला लागतं. मी म्हटलं, नखं मी नीट काढली नसतील. चष्म्याचा नंबर बदललाय. शिकेकाईची पुडी कपाटात असेल. कपाट उघडून बघितलं. सृष्टीचे ड्रेस होते.

पण खरी ठसठस वेगळीच होती, आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही. बाहेर आल्यावर गोजर खूश असायची. माहेराहून आलेली बाई पहिला दिवसभर जशी असते, तशी. माझ्याकडे बघायची ते सुद्धा, बिचारा, असं.

माझ्या सत्तर वर्षांच्या खोड्यांना जे जमलं नाही, ते कोण करत होतं?

४

"सृष्टे, त्या टिकांच्या पुढं आकडे कसले गं?"

"वेळ, आजोबा. कुठल्या टेस्टला किती लागला. सेकंदाचे हजार तुकडे केले की एक मिलिसेकंद. ही बघा, बारा मिलिसेकंद. ही तीन."

"आन ही अकरावी? शून्य?"

"ती फालतू आहे हो. यादी रिकामी असली तर रिकामीच दाखवायची, एवढंच तपासते. तिला वेळच लागत नाही."

"वेळ लागत न्हाई असं कसं? तू घंटा वाजवायला नुसता हात उचल, तरी वेळ लागतो."

सृष्टी हसली. "लागतो, पण ते गोल करतं. सुरू होताना घड्याळ बघतं, संपल्यावर बघतं, वजाबाकी करतं. अर्ध्याच्या अलीकडं असलं तर शून्य, पलीकडं असलं तर एक."

"डेअरीतला काटाबी असंच करतो. अर्ध्याच्या अलीकडचं माप्टंभर दूध गिळतो आन म्हनतो, आलंच न्हाई."

"अर्धा मिलिसेकंद, आजोबा! डोळ्याची पापणीसुद्धा हलत नाही तेवढ्यात."

"मला दाव की तेवढं. गोल करू नको. जसं हाय तसं दाव."

ती का, का करत राहिली. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. तिनं एक ओळ बदलली. गोजर स्टुलावर बसलेलीच होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मेथीचं देठ मोडलं. कट्.

बटण दाबलं. अकराव्या ओळीपुढं आलं, ०.३१.

गोजरच्या मांडीवरची जुडी कोमेजून गेली होती.

५

बाकीच्या बेचाळीस टेस्टचे आकडे रोज खालीवर व्हायचे. आज बारा, उद्या अकरा, परवा चौदा. जित्या मालाचं असतं तसं. अकरावी फक्त वर चढत होती. ०.३१. ०.३४. ०.३८. ०.४३. मी कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायचो.

दानीएल मास्तर माझे जुने दोस्त. शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी चर्च सुटल्यावर ते ओसरीवर येतात आणि मी त्यांना छळतो. त्या रविवारी मी छळलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं, मोडून पडेपर्यंत.

"कान्या, मशीन जुनं झालं की तापतं. तापलं की हळू चालतं. म्हणून आकडा चढतो."

"मंग बाकीच्या बेचाळीसांचा का चढत न्हाई?"

"आणि नखं बायकांची वाढतातच."

"सकाळी काढली, दुपारी जवाएवढी?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तू मला एकदा सांगितलं होतंस, प्रयोगशाळेतला सांगाडा उठून पाणी पितोय. मी ग्लास घेऊन गेलो होतो, आठवतंय?"

"त्ये खोटं हुतं, मास्तर."

"आणि हे?"

आयुष्यभर जे पेरलं तेच उगवणार. मी म्हटलं, "बरं, असं समजा की खोटंच हाय. खोटं समजून सांगा. बायको रोज कुटंतरी जाती. जितका वेळ जाती तितका मोजतबी न्हाई कुनी. पन तिकडं तिची नखं वाढत्यात, न्हानं हुतं, ऊन उतरतं. आन रोज जरा जास्त ऱ्हाती. तर नवऱ्यानं काय करावं?"

मास्तर हसले नाहीत. फाटकाकडं बघत त्यांनी विचारलं,

"ती परत येते ना?"

"येती."

"मग गप बसावं," ते म्हणाले.

मास्तरांना लग्न करून काय कळलं कुणास ठाऊक!

६

गप बसलोही असतो. पण बुधवारी तिनं विनोद सांगितला.

गोजर! जिला मी एकोणपन्नास वर्षं हसवतोय, जिनं स्वतः एकदाही कुणाला हसवलं नाही, तिनं ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं, "एकाची बायको हिरीत पडली. नवऱ्यानं दोर सोडला. ती म्हनली, वढा की! त्यो म्हनला, वढतो गं, पन आदी चटनीचा डबा कुटं ठिवलाय त्ये सांग. दोर तुटला तर?"

सृष्टीला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आजी, कुणी सांगितला गं हा?"

"सांगितला एकानं," गोजर म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून स्वतःशीच परत हसली. हसताना मान डावीकडं झुकवली. मी सांगितलेल्या विनोदाला तिची मान कधी झुकली नाही. मी सांगितलं की ती म्हणते, झालं का?

चांगला होता विनोद. माझ्यापेक्षा चांगला. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

माती सोसली, नखं सोसली. परपुरुष एखाद्या बाईकडं बघतो, तिला फूल देतो, हे ऐकलंय. पण माझ्या बायकोला कुणी माझ्यापेक्षा बरं हसवावं?

गुरुवारी आकडा आला, ०.४७.

७

शुक्रवारी दुपारी मी तिच्या आधी जाऊन स्टुलावर बसलो.

"उठा आवं," गोजर दारातून म्हणाली. हातात जुडी.

"आज मी बसतो. मलाबी हिरवं करता येतं का बघू दे की पोरीला."

"तुमाला न्हाई जमायचं." रागानं नाही. समजुतीनं बोलली, आणि म्हणून जास्त लागलं.

सृष्टीनं घड्याळ बघितलं आणि बटण दाबलं. मी डोळे ताणून बसलो होतो. खुर्चीच्या दांड्या घट्ट धराव्या तशी स्टुलाची कड धरली होती. काही झालं नाही. पंखा फिरत होता. कालव्याला पाण्याचं आवर्तन आलं होतं, कुठंतरी मोटर चालू होती. अकरावी ओळ, ०.०२. चार टेस्ट लाल.

"बघा," सृष्टी करवादली. "आता मीटिंगमध्ये काय सांगू, आजोबा बसले होते म्हणून?"

कुणी दार उघडलं नाही हो माझ्यासाठी. कुणी बघितलंसुद्धा नाही कोण आलंय ते.

गोजर चौकटीला टेकली होती, रोज मी टेकायचो त्याच जागी. तीन वाजून गेले आणि तिकडं जायचं राहिलं, म्हणून ती हातातल्या मेथीची पानं चुरगाळत होती. बस चुकलेली बाई स्टँडवर उभी असते तशी.

शनिवार-रविवार सृष्टीला सुट्टी. दोन्ही दिवस गोजर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

८

सोमवारी मी ठरवलं. तिला अडवायचं नाही. जाऊ द्यायचं, आणि जाताना पकडायचं. जो कोणी आहे त्याचं तोंड तरी बघायचं. शाळेत भिंतीवरून उड्या मारणारी पोरं मी अशीच पकडायचो, एक पाय अलीकडं आणि एक पलीकडं असताना.

चालत्या टेस्ट मधेच थांबवायच्या असल्या की सृष्टी डाव्या हातानं दोन बटणं एकदम दाबते. मी ते शंभरदा बघितलं होतं. प्रश्न होता वेळेचा, आणि वेळ हा माझा धंदा. छत्तीस वर्षं ठोका मारून मनगटाला कळतं कधी मारायचा. एक टेस्ट संपली की पुढची उचलायला मशीन ठोकाभर थांबतं, म्हणून ओळी एका तालात उतरतात. दहापर्यंत मोजायचं.

गोजर येऊन बसली. नवं लुगडं नेसली होती. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तिनं खांदा आखडला. उजवा हात मी टेबलावर टेकवला, सहज टेकवल्यासारखा.

"आजोबा, आज चार लाल नकोत हां," सृष्टी म्हणाली आणि बटण दाबलं.

एक, दोन, तीन. हिरवं, हिरवं, हिरवं. सात. आठ. नऊ. दहा—

मी बटणं दाबली.

ओळी थांबल्या. अकराव्या टेस्टचं नाव आलं होतं, पुढं टिक नव्हती. खालचा सगळा पडदा काळा, आणि त्या काळ्या काचेत आमची खोली दिसायला हवी होती. मी, सृष्टी, मागचं कपाट.

कपाट नव्हतं. लाल मातीचं अंगण होतं. उतरतं ऊन. विहिरीचा कठडा, त्यावर ओला दोर. एक माणूस पाठमोरा दोर ओढत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. ओढल्यानं नव्हे. हसल्यानं हलत होते. त्याच्या शेजारी, हातात घागर घेऊन, मान डावीकडं झुकवलेली—

तो वळायला लागला. कानशील दिसलं, गालाची कड दिसली.

"आजोबा! काय केलंत?" सृष्टीनं माझा हात झटकला, आणि काचेत कपाट परत आलं.

माझ्या हाताखालचा खांदा एकदम चोरला गेला, अनोळखी माणसाचा हात लागल्यावर बाई चोरते तसा.

९

"सुरुवात मोजली गेली, पण शेवट नाही," सृष्टी चिडून सांगत होती. "आता वजाबाकी कशातून करणार ते? वेळच येणार नाही त्या ओळीला."

मी ऐकत नव्हतो. गोजर स्टुलावरून उठली होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला. आमच्या घरात तिनं माझ्यासमोर पदर घेणं सोडून चाळीस वर्षं झाली. खोलीकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पाव्हनं, कुनाकडं आलाव?" ती म्हणाली.

सृष्टी फिसकन हसली. "वा आजी! आज आजोबांना पुरून उरलीस."

मीही हसलो. म्हटलं, शाब्बास! एकोणपन्नास वर्षांत शिकलीस तर. गोजरनं सृष्टीच्या गालावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पोरगी गोड हाय. तुमची का?"

सृष्टी संध्याकाळपर्यंत हसत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही. मग हसायची थांबली.

नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या दिल्या, वय झालंय म्हणाले. दानीएल मास्तर रोज येतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कान्या, खरं सांग, दोघांनी मिळून चालवलंय ना?" मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांनी मान खाली घातली. स्टुलावर तिला परत बसवून बघितलं, अकरा वेळा, बावीस वेळा. सृष्टी रडत बटण दाबते. ०.०२. ०.०१. ०.०२. रिकामी यादी, रिकामी.

तिला काही त्रास नाही. खाते, झोपते, अंगण झाडते. बोलायला फार गोड झाली आहे, पहिल्यापेक्षा गोड. मला आधी वाढते, कारण पाहुण्याला आधी वाढायचं असतं. ऊन उतरायला लागलं की केस विंचरून ओसरीवर बसते आणि फाटकाकडं बघते.

"आमच्या मालकास्नी आज उशीर झाला," काल मला म्हणाली. "तुमी बसा, जाऊ नका. लई हसवत्यात त्ये. तुमाला आवडतील."

मी बसलो. दुसरं कुठं जाणार? तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ओठाचा कोपरा बघत राहिलो. कितीही पक्का गडी असला तरी चेष्टा करताना तो कोपरा हलतोच; मी सत्तर वर्षं हेच काम केलंय, मला कळतं.

अजून हललेला नाही. हलेल. ती किती वेळ दम धरते, तेच मी बघतोय.